घारापुरीचा सदाशिव: कृष्णधवल की रंगीत?

कातळवेडा:
गेल्या महिन्यात घारापुरीच्या मुख्य लेण्यातील सदाशिवाची सुमारे दीडशे छायाचित्रे काढली. घरी आल्यावर रंगीत चित्रे बाजूला ठेवली आणि कृष्णधवल तेवढीच जपली. हे शिल्प कृष्णधवलातच टिपावे, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि त्याचे कारण लेण्याच्या रचनेतच आहे. सुमारे साडेपाच मीटर उंचीचे हे त्रिमुख दक्षिणेकडच्या भिंतीत खोल कोनाड्यात कोरलेले आहे. उत्तरेच्या दर्शनी भागातून आत येणारा उजेड खांबांच्या रांगा ओलांडत त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा पार मवाळ झालेला असतो. शिवाय पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या अंगणांतूनही थोडा उजेड झिरपतो. त्यामुळे डावीकडचे उग्र अघोर मुख, मधले शांत तत्पुरुष आणि उजवीकडचे कोमल वामदेव यांच्या वाट्याला येणारा प्रकाश सारखा नसतो. खरा विषय हा प्रकाशाचा फरक आहे. रंगीत चित्रात मात्र झाडीवरून परतलेल्या उजेडाने एक गाल हिरवट आणि जमिनीवरून परतलेल्या उजेडाने दुसरा गाल तांबूस दिसतो. मग नजर ओठांच्या कडेवरून ढळून त्या डागांकडे जाते.

गेरू:
आपली छायाचित्रे सुंदर असतील, याबद्दल शंका नाही. पण युक्तिवाद मला पटलेला नाही. आपण ज्याला डाग म्हणता ती त्या दगडाची माहिती आहे. घारापुरीचा बेसॉल्ट नुसता करडा नाही. कुठे तो तपकिरीकडे झुकतो, कुठे पाणी पाझरल्याच्या खुणा दिसतात, कुठे भंगलेल्या भागाचा पोत निराळा असतो. हे सगळे एकाच राखाडी पट्टीत दाबून टाकले, की कोरलेली छटा कोणती आणि दगडावर नंतर उमटलेली कोणती, हे पाहणाऱ्याला ओळखता येत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या लेण्यांतील शिल्पे उघड्या दगडाची म्हणूनच घडवली गेली, असा समज करून घेण्याचे कारण नाही. वेरूळच्या कैलास मंदिराला रंगमहाल हे नाव त्याच्यावरील गिलावा आणि रंगामुळेच मिळाले, आणि त्यांचे अवशेष आजही तेथे दिसतात. प्राचीन शिल्प म्हटले की कृष्णधवल गांभीर्य, ही सवय आपल्याला एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांनी लावली. त्या छायाचित्रकारांपुढे दुसरा पर्यायच नव्हता. त्यांची अडचण आपण अभिरुची म्हणून मिरवतो आहोत.

जुना रोलवाला:
दोघांचे वाचले. माझ्या अनुभवात रंगाच्या आधी एक्सपोजरच, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचे प्रमाणच, चुकते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरची वस्तू मध्यम करडी, म्हणजे साधारण 18 टक्के प्रकाश परत फेकणारी आहे असे धरून चालतो. सदाशिव त्याहून बराच गडद आहे. मापक सांगेल तसे ऐकले, तर कातळ उजळून सिमेंटसारखा दिसू लागतो आणि मग लोक घरी बसून संगणकावर काळेपणा वाढवत राहतात. मुखावरच मापन करून एक स्टॉप कमी करावा, म्हणजे उजेड निम्मा घ्यावा, आणि जटामुकुटामागची सावली पूर्ण काळी होत नाही ना, एवढे पाहावे. लाल किंवा पिवळ्या फिल्टरच्या मोहात पडू नये. आकाश गडद करायला ते उपयोगी पडतात, करड्या दगडावर त्यांनी फारसे काही साधत नाही.

आणि कृपा करून शिल्पाच्या पायाशी उभे राहून रुंद कोनाची लेन्स वर रोखू नका. हनुवट्या फुगतात, मुकुट आक्रसतात आणि शिल्पकाराने राखलेले प्रमाण पार बिघडते. खांबांच्या ओळीतून पंधरा-वीस मीटर मागे या आणि 85 मिलिमीटरची लेन्स लावा.

कातळवेडा:
एक्सपोजरबद्दलची सूचना मान्य. माझी निम्मी चित्रे खरोखरच सिमेंटची झाली होती, हे येथे कबूल करतो.

गेरू, कैलास मंदिराचा दाखला योग्य आहे. परंतु त्यातून रंगीत छायाचित्राचा पक्ष सिद्ध कसा होतो? एकेकाळी शिल्पांवर रंग असेल, तर आजचे रंगीत चित्रही तो दाखवत नाही. ते फक्त आजची झीज दाखवते. आज शिल्लक आहे तो आकार. अघोराच्या भुवईवरची आठी आणि वामदेवाच्या कुरळ्या बटा यांतला विरोध छिन्नीने साधलेला आहे, आणि छिन्नीचे काम छायेतच वाचता येते.

पायरीवरची:
मागे येऊन चित्र काढायचे, तर मध्ये माणसे येणारच, आणि ती यावीत असे मला वाटते. माणूस चौकटीत नसेल, तर साडेपाच मीटरचे शिल्प आणि टेबलावरची प्रतिकृती यांत चित्रापुरता फरक राहत नाही. येथे मात्र माझा कौल कृष्णधवलाला आहे. लाल साडी नेसलेली एक बाई समोरून गेली, तर रंगीत चित्रात सदाशिव हरतो आणि साडी जिंकते. कृष्णधवलात तीच बाई एक गडद आकृती होऊन मोजपट्टीचे काम करते.

गेरू:
माझी हरकत नेमकी येथेच आहे. साडीचा लाल रंग काढला, की त्या बाईचा काळही निघून जातो आणि कालचे चित्र शंभर वर्षांपूर्वीचे असल्यासारखे दिसते. तिला मोजपट्टी करणे मला थोडे उद्धटपणाचेही वाटते. छिन्नीचे काम छायेत वाचता येते, हे कातळवेडा यांचे म्हणणे मात्र मी खोडून काढू शकत नाही. माझा आग्रह आता एवढाच आहे, की कृष्णधवल चित्रासोबत त्याच जागेवरून, त्याच क्षणी टिपलेले रंगीत चित्रही जपावे. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या नोंदीत, रंग असतोच; तो पुसून टाकू नये.

कातळवेडा:
रॉ फाइली सुदैवाने शाबूत आहेत. तरीही भिंतीवर लावायचे झाले, तर मी कृष्णधवलच लावीन. पुढच्या आठवड्यात पहिल्या लाँचने पुन्हा जाण्याचा विचार आहे. पूर्वेकडचा सकाळचा उजेड अघोराच्या गालावर कितपत पोहोचतो, ते नीट पाहायचे आहे. कोणी सोबत येणार असेल, तर कळवावे.

जुना रोलवाला:
येतो. सोमवार तेवढा टाळा, लेणी बंद असतात.