गेंटच्या वेदीचित्रातील बदली फलक

चोरीस गेलेल्या फलकाची जागा रिकामीच ठेवायला हवी होती, तेथे प्रतिकृती बसवणे ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. व्हान आइक या चित्रकार बंधूंच्या १४३२ मध्ये पूर्ण झालेल्या वेदीचित्रातील (चर्चच्या वेदीसाठी रंगवलेल्या अनेक फलकांच्या चित्रातील) ‘न्यायी न्यायाधीश’ हा फलक एप्रिल १९३४ मध्ये बेल्जियममधील गेंटच्या सेंट बावो कॅथेड्रलमधून चोरीला गेला. त्याच्याच पाठीवरचे, पण बर्लिनमध्ये पूर्वी करवतीने वेगळे केलेले संत योहानाचे चित्र चोराने ताब्याचा पुरावा म्हणून परत केले, आणि फलकासाठी केलेली दहा लाख बेल्जियन फ्रँकच्या खंडणीची मागणी मात्र फिसकटली. मूळ फलक अद्याप सापडलेला नाही. बेल्जियन चित्रकार येफ फान डर फेकेन यांनी १९३९ मध्ये सुरू केलेली प्रतिकृती १९४५ मध्ये पुरी झाली. तिच्यासाठी त्यांना सोळाव्या शतकात चित्रकार मिखिल कॉक्सी यांनी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी केलेल्या नकलेचाही आधार मिळाला. शिवाय एका न्यायाधीशाला त्यांनी बेल्जियमचा तत्कालीन राजा तिसरा लिओपोल्ड याचा चेहरा दिला (हा खट्याळपणा की राजनिष्ठा, कोण जाणे). पंधराव्या शतकातील चित्रात विसाव्या शतकातील राजा उघडपणे बसवणाऱ्याला फसवणूक करायची होती, असे म्हणणे कठीण आहे.