दुंगेनच्या अल्बममध्ये ड्रम अँड बेस: तुम्हाला पटलं का?

शिशिरगान:

नमस्कार मंडळी. दुंगेन हा स्वीडिश बँड ऐकणारं इथे कोणी असेल तर मला मनापासून बोलायचं आहे.

त्यांचा 'एन एर फॉर मिक्के ओ तूसेन आल्द्री नूग' हा अल्बम ऑक्टोबर २०२२मध्ये मेक्सिकन समर या रेकॉर्ड कंपनीने काढला. २०१५च्या 'अल्लास साक'नंतर त्यांच्या नव्या गाण्यांचा अल्बम थेट हाच आला. मधला २०१६चा 'हेक्सान' नुसत्या वाद्यांचा होता. एवढ्या प्रतीक्षेनंतर नऊ गाणी हाती लागली आणि त्यातली बरीचशी मला आवडली. 'नात्तेन्स सिस्ता स्त्रिम्मा यूस'मध्ये रेइने फिस्केची गिटार सुरू झाली की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

अडतंय ते 'वार हार दु वारित'पाशी. तिथे ड्रम अँड बेसचे, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचे, ठोके येतात. तेच ते, चिरून पुन्हा जोडल्यासारखे, भराभर पळणारे. या बँडकडे युहान होल्मेगार्डसारखा ड्रमर आहे! तो झांजेवर नुसती काडी फिरवतो तेव्हासुद्धा गाण्याची हवा बदलते. असा माणूस हाताशी असताना हे कशासाठी?

मी या बँडच्या प्रेमात पडले ती २००४च्या 'ता दे लुंग्त' या अल्बममुळे. स्वीडिश मला येत नाही, पण त्यांचा गायक गुस्ताव एस्टेस याचा तो थोडा फाटलेला, वर चढत जाणारा आवाज कळायला भाषा लागली नाही. एका खोलीत चार माणसं एकमेकांकडे बघत वाजवत आहेत असं त्यात वाटतं, आणि माझ्यासाठी सायकेडेलिक रॉक, म्हणजे साठच्या दशकातलं ते भान हरपवणारं रॉक, म्हणजे तेच. नव्या अल्बममधल्या त्या गाण्यात ती खोली नाहीशी होते. तुम्हाला ते गाणं कसं वाटलं? आणि त्याला सायकेडेलिक म्हणायचं का?

खर्जातला:

शिशिरगान, प्रश्न फार आवडला. 'ता दे लुंग्त'मधल्या त्या खोलीपासूनच सुरुवात करतो.

तशी खोली त्या अल्बमच्या वेळी बहुतांशी नव्हतीच. त्यातली बरीचशी वाद्यं एकट्या एस्टेसने वाजवली आहेत. आधी एक थर, मग त्यावर दुसरा. फिस्केच्या गिटारसारखे काही भाग इतरांचे आहेत, पण उभारणी एकाच माणसाची. चौघांचा बँड ऐकल्याचा भास व्हावा इतकी ती घट्ट आहे, हे त्याचं कसब. चौघे मिळून घडवलेलं दुंगेन नंतर आकाराला आलं. २००८च्या '४' या अल्बमपासून एस्टेस पियानोवर जास्त दिसतो आणि गिटार जवळजवळ पूर्णपणे फिस्केकडे जाते.

आता ठोक्यांबद्दल. एस्टेस लहान वयात हिप-हॉपमध्ये रमलेला होता. सॅम्पल करायला, म्हणजे तुकडा कापून आपल्या गाण्यात वापरायला, चांगले ठोके मिळावेत म्हणून तो जुन्या रेकॉर्डी धुंडाळायचा आणि तिथून साठच्या दशकातल्या संगीतापर्यंत पोचला. पुढे दुसऱ्यांचे तुकडे कापण्यापेक्षा तसा आवाज आपणच काढावा म्हणून वाद्यं शिकला. म्हणजे रीळ कापून पुन्हा जोडणाऱ्याचा कान त्याला आधी मिळाला आणि बँड नंतर. 'ता दे लुंग्त'चे ड्रम जरा लक्ष देऊन ऐका. ते पुढे आणून ठेवलेले आहेत, कोरडे, जवळचे, कोणीतरी नंतर उचलून घ्यावेत असे.

ड्रम अँड बेस परकं वाटतं, पण त्याचा कच्चा माल बघा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये 'जंगल' हा नाचाच्या संगीताचा प्रकार आणि पुढे ड्रम अँड बेस ज्या ठोक्यांवर उभं राहिलं, त्यातला सर्वांत गाजलेला तुकडा १९६९चा आहे. विन्स्टन्स या अमेरिकी बँडच्या रेकॉर्डवरचे चार बार (तालाची चार आवर्तनं), जेमतेम सहा-सात सेकंद. ड्रमर जी. सी. कोलमन. तोच तुकडा वेग वाढवून, चिरून, उलटसुलट जोडून हजारो गाण्यांत गेला. दुंगेन ज्या काळातल्या आवाजावर जीव टाकतो, त्याच काळातलं ते ड्रमवादन आहे. म्हणून मला ते गाणं घराबाहेरचं वाटत नाही.

आणि स्वीडनमध्ये सायकेडेलिक संगीताला आरंभापासूनच यंत्राचा लळा आहे. १९६७मध्ये अमेरिकी संगीतकार टेरी रायली स्टॉकहोमला आले. तेच छोटे स्वरबंध पुन्हा पुन्हा वाजवत राहण्याची त्यांची पद्धत आणि टेपवरचे प्रयोग बू आंदेश पेर्शॉन या तरुणाला भिडले. त्यातून पेर्शॉन साउंड हा बँड उभा राहिला. एकच स्वर धरून ठेवायचा, त्यावर चेलो, सॅक्सोफोन, गिटार, आणि ताल हलूच द्यायचा नाही. तंबोरा लावून बसल्यावर थोड्या वेळाने त्यातून आपोआप वेगळे स्वर ऐकू येऊ लागतात, तसंच तिथे होतं. पुढे याच मंडळींचा इंटरनॅशनल हार्वेस्टर झाला, मग हार्वेस्टर, मग 'त्रेद, ग्रेस ओ स्तेनार'. १९७०च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या येर्देत माळावर जे मोकळे संगीतमेळे झाले, त्यांत हेच लोक पुढे होते.

गंमत म्हणजे पेर्शॉन साउंडचं ध्वनिमुद्रण तेव्हा बाहेर आलंच नाही. सबलिमिनल साउंड्स या रेकॉर्ड कंपनीने ते २००१मध्ये काढलं. त्याच वर्षी दुंगेनचा पहिला अल्बम आला, आणि तोही सबलिमिनल साउंड्सनेच काढला. स्वीडनची जुनी सायकेडेलिया आणि नवी सायकेडेलिया अशी एकाच दारातून बाहेर पडली. मला या योगायोगाचं फार अप्रूप आहे.

मेलोट्रॉन_मावशी:

खर्जातला, इतिहास छान सांगितलात, पण माझं मत वेगळं आहे. ठोके १९६९चे असोत की काल बनवलेले, गाण्यात ते काय करतात हे महत्त्वाचं.

होल्मेगार्ड जॅझच्या अंगाने वाजवतो. फिस्के एखादा स्वर लांबवतो तेव्हा तो थांबतो, मग अलगद आत शिरतो. ड्रम गिटारचं ऐकत असतात. 'वार हार दु वारित'मध्ये ते ठोके कोणाचंच ऐकत नाहीत. वरचे सूर तरंगतात, खाली ताल आपल्या वाटेने धावतो. काहींना त्या दुराव्यातच मजा येईल. मला येत नाही. फिस्केला इतकी कमी जागा देणं तर मला मुळीच पटत नाही. हा माणूस स्वीडनच्या जुन्या प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) आणि सायकेडेलिक संगीताचा चालताबोलता संग्रह आहे. लांदबेर्क या बँडपासून वाजवतोय, नॉर्वेच्या मोटरसायको या बँडबरोबर वाजवलंय, आणि 'त्रेद, ग्रेस ओ स्तेनार'च्या उरलेल्या मंडळींत सामील होऊन २०१८च्या 'त्रेदेन' या अल्बममध्येही आहे. तो अल्बम ऐका. गिटार घाई कशी करत नाही ते तिथे कळतं.

शिशिरगान, तुम्हाला जी खोली हवी आहे ती 'हेक्सान'मध्ये आहे. लोटे रायनिगर यांच्या १९२६च्या छायाचित्रपटासाठी, प्रिन्स अचमेडच्या गोष्टीसाठी, ते संगीत केलं. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट तोच. काळ्या कागदाच्या आकृत्या हलतात आणि चौघे त्यांच्याकडे बघत वाजवतात. शब्द नाहीत, म्हणून प्रत्येक वाद्याला बोलावं लागतं. माझ्या मते त्यांचं सर्वांत धीट काम ते आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं.

उत्तरध्रुव:

फार लिहीत नाही. नाचाचा ताल आला म्हणून सायकेडेलिया संपत नाही. गोट हाही स्वीडिश बँडच, मुखवटे घालून वाजवतात. त्यांचा २०१२चा 'वर्ल्ड म्युझिक' सगळा तालावर उभा आहे आणि डोकं गरगरवतो. दुंगेनने वीस वर्षांनंतर पाय हलवायला लावलं, मला आनंद झाला.

शिशिरगान:

सगळ्यांचे आभार. मेलोट्रॉन मावशी, ताल ऐकून घेत नाही हे तुम्ही नेमकं पकडलंत, मला ते शब्दांत मांडता येत नव्हतं. खर्जातला, तुमचं वाचून मी ते गाणं हेडफोनवर, फक्त ड्रमकडे लक्ष ठेवून ऐकलं. ठोके अजून मला दूरचेच वाटतात, पण त्यांच्या वर गाण्याची चाल मुळीच घाई करत नाही, हे आधी कानावर आलं नव्हतं. गाणारा स्वतःच्या लयीत आहे, ताल दुसऱ्याच्या. अल्बमचं नाव, 'एक फार होतो आणि हजार कधीच पुरत नाहीत', हे व्यसनातून बाहेर येणाऱ्यांच्या गटांत म्हटलं जाणारं वाक्य आहे असं वाचलं. ते मनात ठेवून ऐकलं तर ती पळापळ मला खरी वाटते. आवडली असं अजून म्हणणार नाही.

एक विचारायचं होतं. लोकसंगीताचा जो धागा दुंगेनमध्ये आहे, बासरी आणि त्या उदास चाली, तो कुठून येतो? तो इंग्रजी बँडांसारखा वाटत नाही.

खर्जातला:

तो त्यांच्या घरचाच आहे. एस्टेस बासरीबरोबर फिडलही (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवतो आणि स्वीडिश लोकधून त्याने रीतसर शिकली आहे. तिथल्या फिडलच्या चाली बऱ्याचदा तीन मात्रांच्या पोल्स्का नाचाच्या असतात. त्यातली एखादी मात्रा जरा ओढलेली असते, म्हणून चाल पुढे झुकल्यासारखी वाटते. विजेच्या गिटारवर ते आधी केलं केबनेकाइसे या स्वीडिश बँडने. त्यांचा १९७३चा दुसरा अल्बम जवळजवळ सगळा जुन्या धुनांचा आहे, केनी होकान्सॉनची गिटार फिडलच्या चाली वाजवते. सोबत बू हान्सॉनही ऐका. ऑर्गनभोवती बांधलेलं १९७०चं काम आहे, सायलेन्स या कंपनीने काढलेलं. आधी केबनेकाइसे लावा आणि लगेच 'ता दे लुंग्त'. मावशींनी सांगितलेला 'त्रेदेन' त्यानंतर, शक्यतो रात्री, कारण त्यातलं काहीही मध्येच थांबवण्यासारखं नाही.