विपणनाच्या अभ्यासात मूल्ये फक्त ग्राहकाचीच मोजायची का?

धागाकर्ता:
विपणनशास्त्राने मानवी मूल्यांकडे दुर्लक्ष केले, असे मी म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांची १९७३ मधील ३६ मूल्यांची यादी आणि शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मांडलेले दहा मूल्यप्रकार या शाखेने केव्हाच आपलेसे केले. माझा आक्षेप त्यांच्या वापराला आहे. जोनाथन गटमन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या साधन-साध्य साखळीवर, म्हणजे वस्तूच्या गुणापासून ग्राहकाच्या मूल्यापर्यंत जाणाऱ्या दुव्यांवर, बेतलेली मुलाखत पाहा. गाडीला एअरबॅग का हवी? अपघातात जीव वाचतो म्हणून. ते का महत्त्वाचे? मुलांना माझी गरज आहे म्हणून. इथवर पोचलेला संशोधक माणसाच्या मर्मापाशी उभा असतो, आणि तिथून तो थेट जाहिरातीच्या मजकुराकडे वळतो. ज्याने मन उघडे केले, त्याच्या हिताचा प्रश्न त्या संशोधनात कुठेच येत नाही.

प्रतिसाद १:
असहमत. शेल्बी हंट यांनी १९७६ मध्ये ‘काय आहे’ आणि ‘काय असावे’ यांचा अभ्यास वेगळा ठेवला, त्याला सबळ कारण होते. संशोधकच हित ठरवू लागला, तर ते कोणाच्या मूल्यांनुसार ठरवायचे? आपल्या आवडीनिवडी तो शास्त्राच्या नावाखाली खपवणार नाही, याची हमी कोण देणार? शिवाय तीच मुलाखत रक्तदानाच्या मोहिमेलाही उपयोगी पडते. कोटलर आणि झाल्टमन यांनी १९७१ मध्ये सामाजिक विपणनाची, म्हणजे समाजहिताच्या कामासाठी विपणनाची तंत्रे वापरण्याची, कल्पना मांडली, ती याच शाखेतील तंत्रांच्या भरवशावर.

प्रतिसाद २:
हे उदाहरण तुमच्याच बाजूवर उलटते. रक्तदान चांगले, हा निवाडा कोणत्याही तक्त्यातून निघत नाही. तो आधी करावा लागतो आणि मगच तंत्र कामाला लागते. रिचिन्स आणि डॉसन यांनी १९९२ मध्ये भौतिकवाद मोजण्याची प्रश्नावली तयार केली, तेव्हा वस्तूंना आयुष्याच्या केंद्रस्थानी ठेवणारी माणसे आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचे त्यांना आढळले. केवळ खप वाढवायचा असता, तर समाधान मोजण्याचे कारणच नव्हते.

प्रतिसाद १:
प्रश्नाची निवड मूल्यांवरून होते, हे मान्य. उत्तर मात्र त्यांच्यापासून अलिप्त राहिले पाहिजे, आणि त्या अभ्यासाचे बळ मला त्यातच दिसते. अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनने २००७ मध्ये विपणनाच्या व्याख्येत एकंदर समाजाचाही समावेश केला आहे. आणखी काय हवे?

धागाकर्ता:
उत्तर अलिप्त असावे, याबद्दल वाद नाही. मूल्यांसाठी आकडे वाकवावेत, असे मी कुठेही म्हटलेले नाही. पण व्याख्या बदलून तेवढ्याने भागत नाही. आजही शोधनिबंधांच्या अखेरीस ‘व्यवस्थापकांसाठी सूचना’ हा भाग आवर्जून मागितला जातो. हे निष्कर्ष वापरात आले तर ग्राहकाचे काय होईल, त्यातही कर्जात अडकलेल्या किंवा अल्पवयीन ग्राहकाचे काय होईल, हे लिहिण्याचा आग्रह तितक्या सातत्याने धरला जात नाही. तो भागही परीक्षकांनी तितक्याच काटेकोरपणे तपासावा, एवढीच माझी मागणी आहे.