अ‍ॅर्निस्टन घड्याळाअभावी बुडालं? जरा दमानं घ्या

वावमापी
परवा इथेच एकाने लिहिलं, "मालकाने शंभर गिनी वाचवल्या आणि ३७२ माणसं मारली." शंभर गिनी म्हणजे क्रोनोमीटरची, रेखांश काढायच्या अचूक घड्याळाची किंमत. ते न दिल्याने अ‍ॅर्निस्टन जहाज बुडालं, असा रोख. खाली टाळ्यांचा पाऊस. लोभी मालक, हतबल कप्तान, बिचारे प्रवासी, गोष्ट ऐकायला झकास आहे. मला ती पटत नाही, का ते लिहितो.

जे घडलं त्याबद्दल वाद नाही. एप्रिल १८१५ मध्ये अ‍ॅर्निस्टन सिलोनच्या पॉइंट द गॉलहून ताफ्याबरोबर निघालं. लढायांतले जखमी आणि आजारी सैनिक, बायका, मुलं. २६ मेच्या सुमारास शिडं फाटल्याने ताफा सुटला. २९ मेला उत्तरेला जमीन दिसली. वेग आणि दिशेच्या हिशोबाने ती केप ऑफ गुड होपजवळची ठरली, आणि आपण आफ्रिकेचा वळसा पार केला असं धरून जहाज अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाकडे वायव्येला वळवलं. प्रत्यक्षात ते अजून अगुल्हासच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, पूर्वेलाच होतं. ३० मेला तिथल्याच वाएनहाउसक्रान्सच्या खडकांत सापडलं. ३७८ पैकी ६ जगले.

आता घड्याळाचं. क्रोनोमीटर ग्रिनिचची वेळ सांगतो, रेखांश सांगत नाही. त्यासाठी तुम्ही आहात तिथली वेळही लागते, म्हणजे सकाळी किंवा दुपारी स्वच्छ सूर्य आणि स्वच्छ क्षितिज. शिडं फाडणाऱ्या हवेत तो सूर्य किती वेळा मिळतो? सूर्य नसेल तर शंभर गिनींचं घड्याळ म्हणजे कप्तानाच्या खोलीतला दागिना.

दोरीला बांधून पाण्याची खोली मोजायचा शिशाचा गोळा मात्र जहाजावर होता. अगुल्हास बँक, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा उथळ पठारी भाग, अफाट पसरलेली आहे, किनाऱ्यापासून शंभर मैलांवरही १०० वावांच्या (एक वाव म्हणजे सहा फूट) आत तळ लागतो. केप मागे टाकून सेंट हेलेनाकडे खरंच निघाला असतात तर काही तासांत तळ लागेनासा व्हायला हवा. तळ लागतोच आहे म्हणजे तुम्ही बँकेवर आहात. एवढं कळायला गिनी लागत नाहीत.

मालीमबुवा
वावमापी, तुमचं शिसंप्रेम जुनं आहे, पण हे अर्धवट झालं. केपच्या तोंडाशी, अगदी केप पॉइंटच्या दक्षिणेलाही, १०० वावांच्या आतच तळ लागतो. बँकेचा पश्चिम काठ तिथवर जातो. जमीन दिसते आहे इतक्या जवळ ४० वाव लागले काय आणि ६० लागले काय, ते केप की अगुल्हास हे शिसं सांगत नाही.

शिवाय खोल पाण्याचं शिसं म्हणजे पुलावरून दगड टाकणं नव्हे. २८ पौंडांचा गोळा, तळाच्या खोबणीत चरबी, म्हणजे वाळू-शिंपल्यांचा नमुना चिकटून वर येतो. दोरी डोलकाठीच्या सगळ्या ताणदोरांच्या बाहेरून नाळेपर्यंत, जहाजाच्या पुढच्या टोकापर्यंत, न्यायची, कठड्यालगत माणसं वेटोळी धरून उभी करायची, आणि जहाज वाऱ्यात तोंड करून थांबवायचं. थांबवलं नाही तर दोरी तिरकी जाते आणि ४० वावांचे ६० वाव होतात. फाटक्या शिडांनिशी, वादळात, रात्री, दर दोन तासांनी हे करून दाखवा.

घड्याळाबद्दल. ताफ्यात असेपर्यंत इतर जहाजांशी निशाणांनी हिशोब जुळवता येत होता. नंतरचे फक्त तीन-चार दिवस हे जहाज आंधळं होतं. घड्याळ असतं तर त्या दिवसांत ढगांच्या फटीतून मिळालेला एकच सूर्य पुरला असता.

शून्य_रेखांश
दोघेही आकड्यांशिवाय भांडताय.

वाएनहाउसक्रान्स साधारण २०° १४' पूर्व, केप पॉइंट १८° ३०'. फरक पावणेदोन अंशांचा. ३५° अक्षांशाला एक अंश म्हणजे ४९ सागरी मैल, म्हणजे चूक ८५ मैलांच्या घरातली. अक्षांशाने ती पकडता येत नाही, कारण केपच्या वीसेक मैल दक्षिणेने जाणारं जहाजही ३४° ४०' वरच असतं.

क्रोनोमीटर रोज १ सेकंद चुकला तर गॉलपासून ५५ दिवसांत ५५ सेकंद. ४ सेकंद म्हणजे १ मिनिट रेखांश, म्हणजे १४ मिनिटं, ११-१२ मैल. रोज ४ सेकंद चुकला तर ४५ मैल. चांगल्या घड्याळाने ही ८५ मैलांची चूक नक्की पकडली असती, वाईट घड्याळानेही संशय पेरला असता.

चंद्र-अंतराच्या पद्धतीत, म्हणजे चंद्राचं सूर्य-ताऱ्यांपासूनचं कोनीय अंतर मोजून रेखांश काढताना, मोजणीत १ मिनिट चूक म्हणजे रेखांशात ३० मिनिटं, तिथे साधारण २५ मैल. तीही चालली असती, चंद्र दिसला असता तर.

आणि ८५ मैल भागिले तीन दिवस म्हणजे तासाला सव्वा मैल. हा आकडा ओळखीचा वाटतो का?

मालीमबुवा
अगुल्हासचा प्रवाह. कबूल, हे डोक्यात आलं नव्हतं.

वावमापी
हेच! बँकेच्या बाहेरच्या काठाने प्रवाह चार-पाच नॉटनेही, म्हणजे तासाला चार-पाच सागरी मैलांनी, पश्चिमेला खेचतो. बँकेवर आत आलात की तो मंदावतो, काही ठिकाणी उलटाही फिरतो. मालीमने, म्हणजे जहाजाची वाट ठरवणाऱ्याने, "प्रवाह आपल्याला पुढे नेतोय" म्हणून रोज तीस मैल हिशोबात जोडले आणि जहाज आतल्या पाण्यात असेल, तर तीन दिवसांत नेमकी हीच चूक निघते. भूगोलतज्ज्ञ रेनेलने बँकेचा आणि प्रवाहाचा नकाशा १७७८ मध्येच छापला होता. माहीत नव्हतं असं नाही. अर्धवट माहीत होतं, आणि अर्धवट माहिती अज्ञानाहून वाईट.

खडूस_खलाशी
म्हणजे घड्याळ असतं तर वाचले असते, हे तुम्हीच सिद्ध केलंत. अभिनंदन.

वावमापी
सूर्य मिळाला असता *तर*. अधोरेखित करून वाचा.

सागवानी
तुमचं रेखांशाचं चालू द्या. जहाज आपटल्यावर काय झालं याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. अर्धा मैलावर किनारा दिसत असताना ते फुटलं. १७९४ चं, थेम्सकाठचं, ओकचं जहाज, म्हणजे एकवीस वर्षांचं. ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळे आणि बोल्ट आतून खातं. बाहेर डोकं शाबूत, आत कांडं पेन्सिलीएवढं. असं जहाज खडकावर टिकणार कसं?

मुंबईचं सागवानी असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. सागाच्या तेलाने लोखंड टिकतं. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या गोदीत फळ्यांच्या कडा एकमेकींत खाच पाडून बसवत, नुसत्या कडेला कड लावून फटींत दोरांचे डांबरी तंतू ठोकत नसत. मुंबईत बांधलेली युद्धनौका सालसेट १८०८-०९ च्या हिवाळ्यात बाल्टिकच्या बर्फात अडकली, सोबतची बहुतेक व्यापारी जहाजं गेली आणि ही बाहेर आली. १८१७ ची, मुंबईचीच युद्धनौका त्रिंकोमाली आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

मालीमबुवा
आला साग. प्रत्येक धाग्यात साग. उद्या टायटॅनिकवर धागा काढला तरी तुम्ही जमशेटजी वाडियांना बोलावाल.

सागवानी
बोलावीन. मुंबईच्या माणसांनी बांधलेल्या जहाजांचं नाव निघालं की तुम्हाला हसू येतं, आणि थेम्सच्या कुजक्या ओकसाठी मात्र हळहळ. १८०७ मध्ये ब्लेनहाइम आणि जावा या ब्रिटिश युद्धनौका अ‍ॅडमिरल ट्रूब्रिजसकट मादागास्करच्या पूर्वेला गडप झाल्या. ब्लेनहाइम १७६१ ची, कणा वाकलेली, मद्रासहून निघतानाच गळत होती. आणि त्याच जावावर त्रिंकोमाली बांधायचे नकाशे होते, तेही गेले!

खडूस_खलाशी
हा हा हा. साहेब, जावा दोन. १८०७ ची डचांकडून जिंकलेली, ती ट्रूब्रिजबरोबर गेली. त्रिंकोमालीचे नकाशे आणि तांब्याचे पत्रे घेऊन मुंबईला निघालेली जावा फ्रेंचांकडून जिंकलेली, ती १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने तोफांनी फोडली. पुन्हा नकाशे पाठवावे लागले. सागाचा अभिमान ठेवा, तारखा पण ठेवा.

सागवानी
बरं, दोन जावा. चुकलो. मुद्दा सागाचा आहे, जावाचा नाही.

शून्य_रेखांश
सागाच्या मुद्द्यातही गाळणी लावतो. ओक लोखंड खातो हे खरं, पण पाण्याखाली तांब्याचा पत्रा लावल्यावर लोखंडी बोल्ट त्याहून वेगाने सडतात, कारण समुद्राच्या पाण्यात तांबं आणि लोखंड जवळ आले की लोखंड झिजतं. म्हणून नौदलाने १७८० च्या दशकात पाण्याखालचे बोल्ट तांब्याच्या मिश्रधातूचे करायला घेतले. हे दुखणं लाकडाइतकंच जोडणीचं होतं.

आणि सालसेटचं उदाहरण इथे लागू नाही. बर्फ दाबतं. खडकावरची लाट उचलून आपटते. दोन हजार टनांचं धूड प्रत्येक लाटेला मीटरभर उचलून खडकावर सोडलं, तर आधी सुकाणू जातं, मग कणा, मग फासळ्या उकलतात. साग असता तर आणखी तासभर मिळाला असता कदाचित.

सागवानी
तासभर! अर्धा मैलावर किनारा असताना तासभर म्हणजे किती माणसं, याचा विचार तरी केलात का? तुमच्या गणितात माणसं नाहीतच.

शून्य_रेखांश
त्या लाटांत होड्याच टिकत नव्हत्या. तासाचं करणार काय?

मालीमबुवा
आणि आपटण्याआधी काय झालं तेही बघा. तीन नांगर टाकले, दोन दोर तुटले. त्या आकाराच्या जहाजाला साधारण २२ इंच घेराचा हेम्पचा दोर, १२० वाव लांब. खडकाळ तळावर तो घासून जातो, कितीही जाड असो. सॅम्युअल ब्राउनची नांगराची लोखंडी साखळी निघाली होती, पण सर्रास वापरात नव्हती. साखळी असती तर ती घासली नसती, तिच्या वजनाने झोळ पडून झटकाही कमी लागला असता. शेवटी जहाजावरच्या नौदलाच्या लेफ्टनंट ब्राइसच्या सल्ल्याने तिसरा दोर कापून जहाज मुद्दाम किनाऱ्याकडे सोडलं. त्याला दोष देणारे देतात. माझ्या मते त्या घटकेला तोच एक शहाणा निर्णय होता.

खडूस_खलाशी
झालं. घड्याळ नाही, शिसं नाही, साग नाही, आता साखळी. बुडायला कारणं चार, वाचायला एकही नाही.

वळून सुटता का आलं नाही, हे कुणी लिहिलं का? चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या सहा पॉइंटांच्या आत, म्हणजे ६७ अंशांच्या आत, जात नाही. वादळात खालच्या बाजूला घसरण आणखी दोन पॉइंट. म्हणजे तोंड कुठेही असो, चाल वाऱ्याला जवळपास काटकोनातच. दोन्ही हातांना खडक आणि वारा किनाऱ्याकडे. सकाळी उजाडलं तेव्हाच खेळ संपला होता. चूक आदल्या रात्रीची.

वावमापी
हे मान्य. माझा रोख तिथेच होता. जमीन दिसल्यावर ती कुठली याची खात्री नसताना, रात्री, किनाऱ्याच्या दिशेने वायव्येला वळणं. अजून एक दिवस पश्चिमेलाच जाऊ दिलं असतं तर फार तर शंभर मैलांचा वळसा पडला असता.

मालीमबुवा
खात्री नव्हती असं कोण म्हणतं? त्यांना पक्की खात्री होती. वाचलेले सहाजण किनाऱ्याने *पूर्वेकडे* चालत निघाले. आपण केप पॉइंटच्या पश्चिमेला आहोत आणि केप टाउन पूर्वेला, अशी समजूत होती म्हणून. चार दिवस चालल्यावर चूक कळली, मग खाण्यासाठी परत फुटलेल्या जहाजापाशी आले. १४ जूनला एका शेतकऱ्याच्या मुलाला सापडले. जहाज फुटून, साडेतीनशेहून जास्त माणसं मरूनही ती समजूत हलली नव्हती. या समजुतीला तडा देणारी वस्तू जहाजावर एकच असू शकत होती. घड्याळ.

वावमापी
पूर्वेला चालल्याचा मुद्दा मी विसरलो होतो. ठीक. घड्याळाने *संशय* आला असता, इथपर्यंत येतो. "शंभर गिनींनी ३७२ जीव" इथपर्यंत येत नाही. मालकाने घड्याळ नाकारलं, कप्तानाला धमकावलं, ही गोष्ट कॅप्टन बेसिल हॉलच्या लिखाणातून पसरली आणि हॉल जहाजावर नव्हता. शिवाय एकच घड्याळ असलं तर ते चुकतंय हे कळायला दुसरं लागतं, आणि दोन असली तर कुठलं चुकतंय हे कळायला तिसरं.

खडूस_खलाशी
डार्विनच्या बीगल जहाजावर १८३१ मध्ये बावीस होती. तेवढी घेतली असती तर मालकच बुडाला असता.

मालीमबुवा
"संशय आला असता" एवढंच मला हवं होतं. संशय आलेला मालीम रात्री किनाऱ्याकडे वळत नाही. बाकी तुमचं शिसं तुम्हाला लखलाभ.

सागवानी
आणि अगुल्हासवर दीपगृह पेटलं १८४९ मध्ये. चौतीस वर्षांनी. त्यावर कुणी बोलत नाही, सगळे माझ्या सागावर तुटून पडतात.

शून्य_रेखांश
सागाचा वेगळा धागा काढा. इथे अर्धे प्रतिसाद त्याचेच झालेत.

सागवानी
काढतो. दोन्ही जावांच्या तारखा तपासून.