म्हणे "अदलाबदल पुरती करायला हवी होती"!

हिशेबनीस

गेला आठवडाभर एक लेख सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. सारांश असा की १९४७ ला देश धर्मावर तोडलाच होता, तर माणसंही धर्माप्रमाणे पुरती वाटून घ्यायची. ग्रीस-तुर्कस्ताननं १९२३ मध्ये 'सहा महिन्यांत' करून दाखवलं, आपल्या नेत्यांनी कच खाल्ली. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग. नैतिक प्रश्न काढला की तुम्ही हसता, म्हणून तो काढत नाही. कसं करणार होतात, एवढंच सांगा.

आधी तुमचं लाडकं उदाहरण. लोझानचा अदलाबदलीचा करार ३० जानेवारी १९२३ चा. तोवर अनातोलियातले बहुतेक ग्रीक १९२२ मध्येच जीव घेऊन पळाले होते, करारानं पळापळीवर शिक्का मारला. एकूण आकडा: साधारण १२ लाख ख्रिस्ती तुर्कस्तानातून, साडेतीन ते चार लाख मुसलमान ग्रीसमधून. तरीही इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान वगळावेच लागले. मालमत्तेचं भांडण १९३० पर्यंत चाललं. हे तुमचे सहा महिने.

आता आपलं. पंजाब दोन्हीकडून जवळजवळ रिकामा झाल्यावरही १९५१ च्या जनगणनेत भारतात साडेतीन कोटी मुसलमान होते आणि पूर्व पाकिस्तानात ९० लाखांवर हिंदू. म्हणजे अजून ४ कोटी ४० लाख माणसं हलवायची, लोझानच्या सत्तावीसपट. वाहतूक कशी? २७ ऑगस्ट ते ६ नोव्हेंबर १९४७ या काळात निर्वासितांच्या ६७३ गाड्या धावल्या आणि २३ लाखांवर लोक हलले. टपावर, दांड्यांना लटकून धरले तरी गाडीमागे साडेतीन हजार. त्याच वेगानं उरलेल्यांना पावणेचार वर्षं लागली असती. तेही कोळशाचा तुटवडा आणि इंजिन ड्रायव्हर-फायरमनसुद्धा देश निवडून निघालेले असताना.

आणि जमीन. पश्चिम पंजाबात हिंदू-शिखांनी सोडली ६७ लाख एकर, पूर्व पंजाबात मुसलमानांनी सोडली ४७ लाख एकर. जिथे अदलाबदल खरंच पुरी झाली तिथेच २० लाख एकरांची तूट! पुनर्वसनाचे अधिकारी तरलोकसिंग यांनी त्यावर 'प्रमाण एकर' काढला: ज्यात दहा-अकरा मण गहू निघतो ती जमीन. कालव्याखालचा एक एकर म्हणजे एक प्रमाण एकर, कोरडवाहू भागात त्यासाठी चार एकर. वर चढती कपात: पहिल्या दहा एकरांवर २५ टक्के, पुढे वाढत वाढत पाचशे एकरांवरच्या हिश्श्याला ९५ टक्के. लायलपूरच्या कालव्यावरचा जमीनदार हिस्सारच्या फुफाट्यात येऊन बसला तो असा. हे जमलं, कारण दोन्हीकडे शेतकरीच होते आणि एकाच प्रांताचं महसुली दप्तर होतं. मुरादाबादचा पितळेचा कारागीर आणि पूर्व बंगालातल्या बारिसालचा वकील यांची अदलाबदल कुठल्या एकरात मोजणार?

शेवटचं. तेव्हाचं औरंगाबाद १५ ऑगस्टला भारतात नव्हतंच, निजामाकडे होतं. तिथल्या मुसलमानाला कुणाच्या हुकमानं हलवणार होतात?

सरळवाट

वाहवा, आकड्यांचा डोंगर उभा केलात की मागे लपायला बरं. पावणेचार वर्षं लागली असती म्हणता ना? लागू द्यायची! दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून सव्वा कोटीच्या घरात जर्मन हलवले गेले. पोट्सडॅमच्या परिषदेत ठरलं, १९५० पर्यंत उरकलं.

दुसरं, बाबासाहेबांनी १९४० मध्येच ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियाची उदाहरणं देऊन हेच मांडलं होतं. त्यांना हिशेब कळत नव्हता असं म्हणायचंय का?

तिसरं, अदलाबदल झाली नाही हेच खोटं. झाली, फक्त एका बाजूनं आणि हप्त्याहप्त्यानं. पूर्व पाकिस्तानात १९५१ ला हिंदू २२ टक्के होते, १९७४ च्या बांगलादेशी जनगणनेत साडेतेरा. ८ एप्रिल १९५० ला नेहरू-लियाकत करार केलात, 'जिथले तिथे रहा, आम्ही सांभाळू'. त्याच वेळी श्यामाप्रसाद मुखर्जी आणि के. सी. नियोगी मंत्रिमंडळातून बाहेर पडले ते उगाच नाही. या लोकांचा हिशेब तुमच्या वहीत कुठल्या पानावर आहे?

रोखठोक_काकू

जर्मनांचं उदाहरण देताना ते हरलेले होते, त्यांच्या डोक्यावर जेत्यांची फौज बसलेली होती आणि तरीही त्यात लाखो मेले, हे सोयीस्कर गाळलंत. इथे कुठली फौज होती? पंजाब सीमा दल: मेजर जनरल रीस, १२ जिल्हे. १ ऑगस्टला उभं केलं आणि महिन्याभरात मोडलं. का मोडलं? कारण त्याच पलटणींची त्याच महिन्यात धर्माप्रमाणे वाटणी चालली होती. जाट कंपनी इकडे, पंजाबी मुसलमान कंपनी तिकडे. पंजाबच्या पोलिसांत मुसलमान बहुसंख्य, ते पश्चिमेला गेल्यावर पूर्वेकडची ठाणी ओस पडली. बंदोबस्त करणारेच वाटले जात होते, मग 'शिस्तीत अदलाबदल' कोण करणार, ग्रामपंचायत?

आणि 'धर्माप्रमाणे' म्हणजे नक्की कसं हो? चितगाव डोंगरपट्ट्यात ९७ टक्के बिगरमुस्लिम. रांगामाटीला १५ ऑगस्टला तिरंगा चढला. १७ तारखेला हद्द आखणाऱ्या रॅडक्लिफचा निवाडा बाहेर आला, तर सगळा पट्टा पाकिस्तानात! चितगाव बंदराला कर्णफुलीचा वरचा भाग हवा म्हणून. उलट मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारताला आणि हिंदूंचा निसटता वरचष्मा असलेला खुलना तिकडे, कोलकाता बंदराला पाणी देणारी हुगळी भारतात राहावी म्हणून.

पाटकरी

काकूंशी सहमत. रॅडक्लिफला दिलेला मजकूरच तसा होता: सलग बहुसंख्येचे प्रदेश बघा, 'आणि इतर घटकही'. सगळी भांडणं त्या इतर घटकांत.

फिरोजपूर आणि झिरा हे तालुके मुस्लिमबहुल. ८ ऑगस्टला व्हाइसरॉयच्या कचेरीतून लाहोरला गेलेल्या कच्च्या आराखड्यात ते पाकिस्तानात होते, अंतिम निवाड्यात भारतात आले. पाकिस्तानात आजही यावर माउंटबॅटनना शिव्या बसतात. पण नकाशा बघा. सतलजवर फिरोजपूरचं हेडवर्क्स (कालव्यांत पाणी सोडायचे दरवाजे), त्याच्या एका काठाला दिपालपूर कालवा (पाकिस्तान), दुसऱ्या काठाच्या पाण्यावर बिकानेरचा गंग कालवा. बिकानेर दरबारनं दिल्लीत उगाच धावपळ केली नव्हती. तसंच रावीवर माधोपूर, पठाणकोट तालुक्यात. अपर बारी दोआब कालवा तिथून निघतो, भिजवतो अमृतसर आणि लाहोर दोन्ही. दरवाजे एका देशात, शेत दुसऱ्या.

पाणी पूर्वीसारखं सोडायचा जैसे थे करार ३१ मार्च १९४८ ला संपला, १ एप्रिलला पूर्व पंजाबनं दोन्ही हेडवर्क्सचं पाणी तोडलं. ४ मे ला दिल्लीत तात्पुरता समझोता झाला, कायमचा करार व्हायला १९ सप्टेंबर १९६० उजाडला. माणसं शंभर टक्के वाटली असती तरी हे भांडण तसंच राहिलं असतं. त्या लेखात पाण्यावर एक ओळ नाही.

दक्षिणमुखी

पाणी, एकर, रेल्वे... मुख्य गोष्ट कुणीच बोलत नाही. काश्मीरमध्ये आपले जवान मरत असताना पाकिस्तानला ५५ कोटी कुणी द्यायला लावले? उपोषण करून? तिथे कुठे गेलं तुमचं प्रमाण एकर?

तिरकस

आला! चाळीस मिनिटं उशिरा, पण आला. फाळणीच्या धाग्यावर ५५ कोटी आले नाहीत तर तो धागा मराठी नाही.

दस्तऐवज

दक्षिणमुखी, एकदाच नीट वाचा, म्हणजे पुढच्या वर्षी परत लिहावं लागणार नाही.

अविभक्त सरकारची रोकड शिल्लक साधारण ४०० कोटी. पाकिस्तानचा वाटा ठरला ७५. त्यातले २० कोटी ऑगस्टमध्येच हातखर्चाला दिले. राहिले ५५. हा आकडा गांधींनी काढलेला नाही, भारताकडून एच. एम. पटेल आणि पाकिस्तानकडून चौधरी मुहम्मद अली हे वाटाघाटीला होते. डिसेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांनी समझोता सभागृहात जाहीर केला, तेव्हा काश्मीरची लढाई सुरू होऊन दीड महिना झाला होता. देणं मान्य केलं ते युद्ध चालू असतानाच.

आणि पैसे पोत्यांत भरून गेले नाहीत. तेव्हा रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची एकच. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नोंद. उपोषण सोडण्याच्या अटी काढून बघा: मेहरौलीचा उरूस, मशिदी परत देणं, दिल्लीत मुसलमानांना निर्धास्त फिरता येणं. ५५ कोटी त्यात नाहीत.

दक्षिणमुखी

अर्धंच सांगता. सरदार पटेलांनीच १२ जानेवारीला पत्रकारांसमोर सांगितलं होतं की काश्मीरचा निकाल लागल्याशिवाय पैसे देणार नाही. १३ ला उपोषण, १५ ला निर्णय फिरला. आणि सरकारच्या निवेदनातच उपोषणाचा उल्लेख आहे. अटींच्या यादीत नव्हते म्हणून संबंध नव्हता? शाळकरी पोरालाही पटणार नाही.

दस्तऐवज

निवेदनातला उल्लेख मान्य. उपोषणाचा दबाव होता हेही मान्य, घ्या. पण 'द्यायला लावले' आणि 'ठरलेलं देणं अडवून धरलं होतं ते सोडलं' यात फरक आहे. माउंटबॅटननीही गांधींना हेच सांगितलं होतं की पैसे रोखणं हा शब्द मोडणं ठरेल.

दक्षिणमुखी

माउंटबॅटनची साक्ष! मग तर संपलंच. उद्या जिनांची काढा.

गोदातीरी

दोघांनाही थोडं थांबवतो. एकच बँक होती इथवर सगळे येतात, पुढे कुणी जात नाही. पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. त्यांच्या पहिल्या नोटा आमच्या नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. पंचम... नव्हे, सहाव्या जॉर्जच्याच नोटा, पांढऱ्या जागेत वर इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' आणि खाली उर्दूत 'हुकूमत-ए-पाकिस्तान'. १ एप्रिल १९४८ पासून चलनात. हो, पाटकरींनी सांगितलेली तीच तारीख: तिकडे माधोपूरचे दरवाजे बंद, इकडे नाशिकच्या नोटा चालू. तिकिटांचंही तसंच, ऑक्टोबर १९४७ मध्ये आलेल्या तिकिटांवर 'पाकिस्तान' असा जादा ठसा.

एकाच बँकेची व्यवस्था ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत चालायची होती. ५५ कोटींच्या प्रकरणानं विश्वास उडाला, पाकिस्ताननं ती ३० जूनला आटोपती घेतली, १ जुलैला त्यांची स्टेट बँक उघडली. पैसे रोखल्यानं हातात काय पडलं, तर एवढं.

सरळवाट

नाशिककर, माहिती छान. पण मूळ विषय अदलाबदल होता. हिशेबनीसांना माझं उत्तर द्यायचं नाही म्हणून सगळे नोटा मोजताहेत.

हिशेबनीस

देतो. बाबासाहेबांचं नाव घेता तर पुरतं घ्या. त्यांनी अदलाबदलीच्या बरोबरीनं पंजाब आणि बंगालच्या हद्दी आधी जिल्हावार बदलायला सांगितल्या होत्या. १९४० ला सांगितलं, म्हणजे हातात सात वर्षं होती. मुस्लिम लीग हद्दी बदलायला तयार नव्हती, काँग्रेस फाळणीलाच तयार नव्हती, हिंदू महासभा अखंड हिंदुस्थानवर ठाम. मग ३ जून १९४७ ला योजना, ४ जूनला १५ ऑगस्ट ही तारीख, ८ जुलैला रॅडक्लिफ दिल्लीत. ७३ दिवसांत दप्तरं वाटता वाटता नाकी नऊ आले, तिथे ४ कोटी माणसं?

पूर्व बंगालच्या हिंदूंचं म्हणाल तर तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळत नाही. पंजाबच्या निर्वासिताला सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात काहीतरी मिळालं, बंगालच्याला छावणी आणि दंडकारण्य. ते सरकारचं पाप. पण त्यावर इलाज म्हणून केरळातल्या मापिळा मुसलमानाला खुलन्यात नेऊन टाकायचं?

सरळवाट

बरं बाबा. मापिळा राहू दे, मुरादाबाद राहू दे, तुमचं औरंगाबादही राहू दे. सबंध देशाची अदलाबदल अशक्य होती, लिहून घ्या. बंगालपुरती तरी पंजाबसारखी सरकारी जबाबदारी घ्यायला काय हरकत होती? यावर तुमच्याकडे गाड्यांचं गणित नाही, कारण ते जमलं असतं.

हिशेबनीस

जमलं असतं की नाही ते जमिनीवर अडतं. पश्चिम बंगालमधून किती मुसलमान गेले आणि त्यातले किती १९५० च्या करारानंतर परतून आपल्या शेतावर आले, तिथून सुरुवात करावी लागेल. पण हा प्रश्न निदान त्या लेखापेक्षा शहाणा आहे.

दक्षिणमुखी

तुमचं गोड गोड झालं असेल तर दस्तऐवजरावांना एक विचारतो. ठरलेलं देणं दिलंच पाहिजे म्हणता. मग फाळणीपूर्व कर्जाचं काय? सगळं कर्ज भारतानं डोक्यावर घेतलं, पाकिस्ताननं आपला वाटा १९५२ पासून पन्नास वार्षिक हप्त्यांत फेडायचा होता. एक हप्ता आलाय का? आपल्या बजेटच्या कागदांत वर्षानुवर्षं 'पाकिस्तानकडून येणे ३०० कोटी' अशी ओळ छापली जायची.

दस्तऐवज

नाही आला. या एका बाबतीत तुम्ही बरोबर. आता तिकडची वही: त्यांच्या स्टेट बँकेच्या ताळेबंदात 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाकडे अडकलेली मालमत्ता' अशी नोंद असते. शिवाय लष्करी सामानाचा वाटा पुरता पोचलाच नाही ही त्यांची जुनी तक्रार. १६ ऑर्डनन्स फॅक्टऱ्या सगळ्या इकडे राहिल्या, खडकीसकट. त्यांच्या आणि छापखान्याच्या बदल्यात ६ कोटी ठरले होते.

दक्षिणमुखी

६ कोटी? हे आणखी वेगळे दिले?? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

तिरकस

संपला धागा. आता पुढची दहा वर्षं ५५ नाही, ६१ कोटी.