पंप खोलायच्या आधी डिझेल लाइन पहा
भाऊ, तुम्ही विचारलं की रिकामी गाडी मस्त पळते अन् कापूस भरला की चढावर दम सोडते, पाच-दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालते, हे तर डिझेल कमी पोचायचं लक्षण वाटते, मिस्त्री म्हणते म्हणून एकदम पंप (इंजिनाला दाबानं डिझेल देणारा) खोलायला देऊ नका. पहिले धूर पहा. काळा असन तर एअर फिल्टर चोंदला नाहीतर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं) खराब, निळा असन तर ऑइल जळून राहिलं, अन् धूर नसून नुसती ताकद जाते तर डिझेल लाइन.

आमच्या जुन्या पिकअपला परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात हेच व्हायचं, दोनदा डिझेल फिल्टर बदलला तरी तेच. शेवटी फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी लावून पाह्यली तर इंजिन चालू असताना बारीक बारीक बुडबुडे! टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला क्लिपखाली केसाएवढी चीर होती, डिझेल गळत नव्हतं पण हवा आत ओढली जात होती. पाइप, क्लिप बदलली, लाइनमधली हवा काढली, झालं.

टाकीतली जाळी पण काढून पहाच, ड्रमातलं डिझेल भरत असान तर गाळ हमखास निघते. अन् सकाळी पहिल्या सेल्फला उठते का लय वेळ मारा लागते, ते सांगा.