मदत हवी आहे: ५ गिगाहर्ट्झ सेक्टरचा डाउनटिल्ट (अँटेनाचा खाली झुकाव) किती ठेवावा? मधल्या वाडीत सिग्नल विचित्र पडतोय

ऊसपट्टा

नमस्कार मंडळी,

माळशिरस तालुक्यातल्या सपाट बागायती भागात वायरलेस ब्रॉडबँडचा टॉवर आहे. त्यातल्या एका सेक्टरचं (ठराविक दिशेला सिग्नल देणाऱ्या अँटेनाचं) गणित जुळत नाहीये, म्हणून हा धागा.

टॉवर ३६ मीटरचा, तारांनी ताणलेला. सेक्टरचा मध्य जमिनीपासून ३४ मीटरवर. अँटेना २० डीबीआयची (डीबीआय म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटण्याचं माप), आडवा पसारा ९० अंशांचा, उभा बीम (सिग्नलचा झोत) ४ अंश. रेडिओची पॉवर १६ डीबीएम (पॉवरचं माप), चॅनेल ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपास, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ग्राहकांकडे २३ डीबीआयच्या डिश, स्लॅबवर पाइप उभारून जमिनीपासून साधारण ६ मीटरवर. ब्रॅकेटच्या पट्टीवर टिल्ट ४ अंश खाली लावलेला आहे.

येणारे सिग्नल डीबीएममध्ये असे (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). कंसात मोकळ्या हवेच्या गणिताने यायला हवा तो आकडा:

६०० मीटर, गावठाण: −५३ (−४४)
१.१ किमी, शाळेजवळची वाडी: −७० (−५०)
२.५ किमी, कॅनॉलपलीकडची वस्ती: −७३ (−५७)
५ किमी, शेवटचं गाव: −७८ (−६३)

सगळीकडे टॉवर स्वच्छ दिसतो, मध्ये झाड नाही. काहींचं म्हणणं, वाडीत सिग्नल कमी आहे तर टिल्ट आणखी २ अंश वाढवा. काही म्हणतात उलटं करा. शिवाय १२ किमीवर त्याच दिशेला दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळपास त्याच चॅनेलवर आहे, त्याचा आणि आपला एकमेकांना त्रास नको. टिल्ट नेमका किती ठेवावा आणि तो कसा ठरवावा?

---

डीबी_मोजणारा

आकडे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे बोलायला सोपं जातंय. तीन गोष्टी आधी सांगा. डेटाशीटमध्ये इलेक्ट्रिकल डाउनटिल्ट (अँटेनाच्या आतच दिलेला झुकाव) असा रकाना आहे का, आणि त्यात काय लिहिलंय? दोन्ही चेनचे (रेडिओच्या दोन सिग्नल-वाटांचे) सिग्नल सारखे आहेत का? आणि ४ अंश हा आकडा ब्रॅकेटवर वाचलेला आहे की अँटेनाच्या पाठीला मीटर लावून घेतलेला?

---

ऊसपट्टा

इलेक्ट्रिकल डाउनटिल्ट २ अंश लिहिलाय. दोन्ही चेनमध्ये १-२ डीबीपेक्षा जास्त फरक नाही. ४ अंश ब्रॅकेटच्या पट्टीवरूनच वाचलाय.

---

डीबी_मोजणारा

मग दुखणं सापडलं. टिल्ट वाढवायचा नाही, काढायचा.

आधी कोन काढू. ३४ वजा ६ म्हणजे उंचीचा फरक २८ मीटर. २८ ला अंतराने भागायचं आणि टॅन इन्व्हर्स घ्यायचा. ६०० मीटरवरचं गावठाण क्षितिजापासून २.७ अंश खाली. वाडी १.५ अंश खाली. कॅनॉलपलीकडची वस्ती ०.६४ अंश. शेवटचं गाव फक्त ०.३२ अंश. म्हणजे तुमचे सगळे ग्राहक मिळून अडीच अंशांच्या आत बसतात. सपाट रानात टॉवरवरून खाली बघताना डोळ्यांना वाटतं की गाव किती खाली आहे, पण कोनात ते काहीच नसतं. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

आता बीम. ब्रॅकेटचे ४ आणि अँटेनाच्या आतले २ मिळून बीमची मधली रेषा ६ अंश खाली गेली आहे. ती जमिनीला लागते २८ भागिले टॅन ६, म्हणजे टॉवरपासून अवघ्या २६६ मीटरवर. अर्ध्या पॉवरची वरची कड, म्हणजे ६ वजा २, ती ४ अंशांवर आणि जमिनीवर ४०० मीटरला. तुमचा पहिला ग्राहकसुद्धा या कडेच्या बाहेर आहे.

मुख्य बीमच्या आत तोटा मोजायला एक सोपं सूत्र पुरतं: मधल्या रेषेपासूनचा कोन भागिले बीमची रुंदी, त्याचा वर्ग, गुणिले १२. गावठाणासाठी ६ वजा २.७, म्हणजे ३.३. त्याला ४ ने भागून वर्ग करा, १२ ने गुणा, तोटा ८ डीबीच्या वर येतो. तुमच्याकडे ९ डीबी कमी येतोय. जुळलं.

वाडीचं प्रकरण जास्त बोलकं आहे. अशा उभ्या ओळीतल्या अँटेनाचा पहिला नल (सिग्नल जवळपास नाहीसा होतो तो कोन) मधल्या रेषेपासून साधारण बीमरुंदीच्या १.१ पट कोनावर पडतो, म्हणजे इथे ४.५ अंशांवर. ६ मधून ४.५ गेले की राहतात १.५, आणि वाडी नेमकी १.५ अंशांवर आहे. म्हणून तिथे तोटा सगळ्यात जास्त, २० डीबी. त्याच्या पुढची दोन्ही गावं पहिल्या साइड लोबच्या (मुख्य बीमच्या बाजूच्या छोट्या झोताच्या) चढावर आहेत, म्हणून लांब असूनही त्यांचा तोटा १५-१६ वर थांबतो. अंतर वाढत जातं आणि तोटा मध्येच खड्डा करून परत सावरतो, हा नमुना दिसला की समजायचं वरचा नल आपल्या लोकांवर पडलाय. झाड, भिंत किंवा बिघडलेला कनेक्टर असा नमुना देत नाही.

आणखी २ अंश वाढवले तर एकूण ८ होतील आणि नल ३.५ अंशांवर, म्हणजे ४६० मीटरला सरकेल. वाडीला तेव्हा साइड लोब लागून चार-सहा डीबी जास्त मिळतीलही, आणि लोक म्हणतील बघा, टिल्टने फरक पडला. पण गावठाण जाईल.

ब्रॅकेटचा टिल्ट शून्य करा. एकूण २ अंश उरतील, बीम ० ते ४ अंशांत राहील. मग तोटा असा: गावठाण ०.३ डीबी, वाडी ०.२, वस्ती १.४, शेवटचं गाव २.१. म्हणजे −४४, −५०, −५८ आणि −६५ च्या आसपास. यातून दोन-तीन डीबी इकडेतिकडे झाले तर हरकत नाही.

---

प्लंब_लाइन

वरचं गणित पटलं. पण ४ अंशांच्या बीमला एक अंशाची चूकसुद्धा महाग पडते, आणि ब्रॅकेटच्या पट्टीवर अजिबात विसंबू नये. पट्टी अँटेना आणि पाइप यांच्यातला कोन दाखवते. पाइपच ओळंब्यात नसेल तर तो कोन काय कामाचा?

चुंबकाचा डिजिटल लेव्हल बॉक्स घ्या, ०.१ अंश दाखवणारा. अँटेनाच्या पाठीवरची सपाट पत्र्याची बाजू शोधा. पुढचं प्लास्टिकचं कव्हर फुगीर असतं, तिथे लावू नका. पाठ ॲल्युमिनियमची असेल तर चुंबक धरणार नाही, हाताने घट्ट दाबून धरा. एकदा वाचन घ्या, मग बॉक्स उलटा फिरवून त्याच जागी परत घ्या. दोन वाचनांत फरक आला तर मीटरचं शून्य सरकलेलं आहे. मोबाइलचं ॲप वापरायचं तर तेही असंच उलटवून तपासा, नाहीतर कॅमेऱ्याचा उंचवटाच एक-दीड अंश खातो.

पाइप दोन बाजूंनी मोजा: सेक्टरच्या तोंडाच्या दिशेने आणि काटकोनात. पाइप उत्तरेला १ अंश कलला असेल तर उत्तरेच्या सेक्टरला १ अंश टिल्ट आपोआप मिळतो, दक्षिणेचा तितकाच वर बघतो आणि पूर्व-पश्चिमेचे आडवे तिरपे होतात. तारांचा टॉवर असेल तर तारांचे ताण सारखे आहेत का हे आधी बघा. टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) ढिला झाला की सगळे टिल्ट बदलतात.

मीटर नसेल तर फूटपट्टीवरही काम होतं. वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटच्या बोल्टमधलं अंतर ७०० मिमी असेल तर १ अंश म्हणजे वरच्या बाजूला १२ मिमी. बोल्ट आवळताना दोन-तीन मिमी सरकतो, तेवढ्यात ०.२ अंश गेला. म्हणून शेवटचं वाचन बोल्ट पूर्ण आवळल्यावरच.

---

ऊसपट्टा

दोघांचेही आभार. दोन शंका. टॉवरच्या पायथ्याशी, १०० मीटरच्या आत, पाच-सहा घरं आहेत. ब्रॅकेट शून्य केल्यावर त्यांचं काय? आणि १२ किमीवरच्या टॉवरसाठी थोडा टिल्ट ठेवणं बरं नाही का?

---

डीबी_मोजणारा

पायथ्याची घरं १५-१६ अंशांवर येतात. ती साइड लोबवर चालतील. १०० मीटरला हवेतला तोटा जेमतेम ८८ डीबी. अँटेनाने तिथे २५ डीबी कमी दिले तरी −५४ च्या आसपास राहतं. जवळच्यांसाठी टिल्ट द्यायची गरज जवळपास कधीच पडत नाही, आणि टिल्ट बिघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र हीच काळजी असते. तिथे २३ डीबीआयची डिशही लावू नका, छोटा १३-१४ डीबीआयचा सीपीई (ग्राहकाकडचा रेडिओ) पुरे.

---

खालचा_लोब

दुसऱ्या टॉवरबद्दल मी लिहितो. टिल्टने हस्तक्षेप कमी होतो हे खरं, पण तुमच्या जमिनीवर नाही. तो टॉवर तुमच्याइतकाच उंच असेल तर जवळपास ० अंशांवर आहे आणि तुमचं शेवटचं गाव ०.३२ वर. या दोघांत वेगळं करण्यासारखा कोनच नाही. एकूण टिल्ट २ वरून ३ केला तर क्षितिजाकडे ३.७ डीबी कमी जातील, आणि शेवटच्या गावाचे ३.३ डीबी जातील. पदरात पडले ०.४ डीबी. त्याच्याकडून तुमच्याकडे येणाऱ्या गोंगाटाचाही हाच हिशोब. इथे इलाज चॅनेलचा: त्या दिशेच्या सेक्टरला स्पेक्ट्रम स्कॅन करून किमान ४० मेगाहर्ट्झ बाजूला सरका आणि चॅनेल २० चाच ठेवा. जमत असेल तर त्या कंपनीशी बोलून घ्या, परवान्याशिवायच्या पट्ट्यात समजुतीनेच काम चालतं.

मेकॅनिकल टिल्टची (ब्रॅकेटवरून दिलेल्या झुकावाची) आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो मधल्या दिशेलाच पूर्ण मिळतो. कडेला कोसाइनने घटतो, म्हणजे ९० अंशांच्या सेक्टरच्या कडेला ४ चे २.८ च उरतात, आणि पाठीमागचा लोब तेवढाच वर उचलला जातो. इलेक्ट्रिकल टिल्ट सगळीकडे सारखा राहतो. म्हणून तुमच्या कडेच्या ग्राहकांचे आकडे मधल्यांपेक्षा बरे दिसत असतील तर नवल नाही.

---

घाटमाथा

डोंगरावरून देणाऱ्यांनी मात्र वरचा सपाटीचा निष्कर्ष उचलू नये, रीत तेवढी घ्यावी. पाचगणीच्या कड्यावरून वाईच्या खोऱ्याकडे बघा. उंचीचा फरक ६०० मीटरच्या आसपास. १० किमीवर कोन ३.४ अंश, ६ किमीवर ५.७, ४ किमीवर ८.५. तिथे हाच सेक्टर ब्रॅकेट शून्यावर ठेवला तर जवळची गावं बीमच्या पार खाली राहतील. वरची कड ३.४ अंशांवर टेकवायची तर एकूण टिल्ट ५.४ हवा, म्हणजे ब्रॅकेटवर ३.४. मग १० किमीपासून साधारण ४.६ किमीपर्यंतचा पट्टा झाकला जातो. त्याच्या अलीकडच्यांसाठी वेगळा, रुंद उभ्या बीमचा सेक्टर किंवा हॉर्न अँटेना लावावा. एकाच ४ अंशांच्या बीमकडून सगळं मागू नये. धोम धरणाच्या पाण्यावरून जाणाऱ्या लिंकला पाण्यावरून परावर्तनही होतं, पाण्याची पातळी बदलली की सिग्नल हलतो. टिल्टने ते जात नाही, ग्राहकाची डिश एक-दोन मीटर वरखाली करून बघावी लागते.

---

प्लंब_लाइन

कामाचा क्रम. चढण्याआधी त्या सेक्टरच्या सगळ्या ग्राहकांचे दोन्ही बाजूंचे सिग्नल आणि मॉड्युलेशन (डेटाचा वेग ठरवणारी पातळी) उतरवून घ्या. पाइप मोजा, अँटेना मोजा, मगच बोल्ट सैल करा. एकदम शून्यावर आणायचं, अर्ध्या-अर्ध्या अंशाने नाही. वाटेत नल पुढच्या गावांवरून सरकत जातो आणि मधले आकडे दिशाभूल करतात. वर असताना सेक्टरचा रेडिओ बंद, खाली एक माणूस फोनवर. ढग गडगडत असतील त्या दिवशी चढू नये.

सिग्नल वाढल्यावर ग्राहकांच्या डिश लगेच हलवायला जाऊ नका. त्यांना टॉवर त्याच दिशेला दिसतो, तुमच्या ४ अंशांच्या फरकाने त्यांना काही होत नाही. फक्त वाडीतल्या डिश तपासा. नलमध्ये असताना बसवणाऱ्याने जास्तीत जास्त आकडा शोधत त्या भलत्याच दिशेला, एखाद्या भिंतीवरून परावर्तित होणाऱ्या सिग्नलकडे, वळवलेल्या असू शकतात.

शेवटच्या गावाकडे आडसाली ऊस असेल तर आत्ताचा स्वच्छ नजारा कायमचा समजू नका. डिशपासून २०० मीटरवर रेषा जमिनीपासून ७ मीटरवर असते आणि फ्रेनेल झोनच्या (रेषेभोवती मोकळी लागणाऱ्या जागेच्या) ६० टक्क्यांना खाली जवळपास २ मीटर लागतात. ऊस साडेतीन-चार मीटर झाला तरी चालेल, पण बांधावरचा शेवगा नाही. त्या घरांना आत्ताच दीड मीटर जादा पाइप द्या.